उंच चाकावरचा स्वार

बंगळूर शहराच्या रस्त्यांवर अलीकडच्या काळात भाड्याने मिळणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या निळ्या दुचाक्या दिसतात. २०१७ साली याच शहरात स्थापन झालेल्या ‘युलू’ या कंपनीच्या या गाड्यांची चाके जेमतेम गुडघ्याइतकी उंच असतात. स्वाराचे पाय जमिनीला सहज टेकतात. भीती वाटली तर तो नुसता पाय खाली सोडतो आणि थांबतो. चाक लहान आहे म्हणून गाडी मंद चालेल, असा विचारही कोणाच्या मनात येत नाही. चाकाची उंची आणि गाडीचा वेग यांचा संबंध माणसांच्या स्मरणातून पुरता पुसला गेला आहे.

दीडशे वर्षांपूर्वी मात्र हा संबंध अतूट होता. चाक जितके उंच तितका वेग अधिक, आणि वेग जितका अधिक तितके पतनही उंचावरून, असे त्या काळाच्या सायकलीचे सरळ गणित होते. पुढे माणसाच्या छातीइतके उंच चाक, मागे लहानसे बारीक चाक, दोहोंना जोडणारा वाकलेला लोखंडी कणा आणि मोठ्या चाकाच्या माथ्यावर बसलेला स्वार, असे हे वाहन आज चित्रांत व संग्रहालयांत पाहायला मिळते. इंग्रजांनी त्याला ‘पेनी-फार्दिंग’ हे नाव दिले. पेनी हे मोठे तांब्याचे नाणे आणि फार्दिंग हे तिच्या पाव किमतीचे लहान नाणे. आपल्याकडे नाव द्यायचे असते तर चांदीचा रुपया आणि त्यामागे चवली, असे म्हणता आले असते. परंतु हे थट्टेचे नाव त्या वाहनाच्या उतरत्या काळात रूढ झाले. ऐन भरात असताना त्याला केवळ ‘बायसिकल’ म्हणत. आणि नव्या धर्तीच्या सायकली आल्यावर त्यांच्याहून वेगळे ओळखू यावे म्हणून ‘ऑर्डिनरी’, म्हणजे साधी, म्हणू लागले. माणसाला सात-आठ फुटांवरून डोक्यावर आपटू शकणाऱ्या यंत्राला एके काळी ‘साधे’ म्हटले जाई, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

असे विचित्र वाहन शहाण्या कारागिरांनी घडवलेच का, हा प्रश्न प्रथम सोडवला पाहिजे. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाके एकामागे एक लावून लाकडी गाडी तयार केली. तिच्यावर बसून माणूस जमिनीला पायांनी रेटा देत धावे. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसाला पायटे बसवण्यात आले आणि पाय जमिनीवरून सुटले. मात्र त्या गाडीची चाके लाकडी आणि त्यांवरची धाव लोखंडी. फरसबंद रस्त्यावर ती अशी काही खडखडे की इंग्रजांनी तिला ‘हाडे खिळखिळी करणारी’ असेच नाव ठेवले. या गाडीला साखळी नव्हती. पायटा एकदा फिरला की चाक एकदाच फिरे. छत्तीस इंच व्यासाचे चाक एका फेऱ्यात साडेनऊ फुटांहूनही कमी अंतर कापते; पन्नास इंचांचे चाक तेवढ्याच फेऱ्यात १३ फूट पुढे जाते. वेग वाढवायचा तर पाय अधिक जलद फिरवणे किंवा चाक मोठे करणे, हे दोनच मार्ग होते. पायांना मर्यादा होती, म्हणून चाक वाढत गेले. मोठे चाक लहानसहान खड्ड्यांत बुडत नाही, त्यांवरून सरकून जाते, हा दुसरा लाभ होता. ही वाढ स्वाराच्या टांगेच्या लांबीपाशीच थांबली. त्यामुळे शिंप्याने अंगाचे माप घ्यावे तसे स्वाराच्या पायाचे माप घेऊन चाक निवडले जाई.

लाकडाचे एवढे मोठे चाक फार जड झाले असते. ती अडचण तारेच्या चाकाने दूर केली. पॅरिसच्या युजीन मेयर याने १८६९ च्या सुमारास तारांच्या आऱ्यांचे चाक बनवले. इंग्लंडमधील कोव्हेंट्री गावात जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी १८७० साली ‘एरियल’ या सायकलीचे पेटंट घेतले, आणि पुढे १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तुंब्याला तिरप्या जोडण्याची युक्ती काढली. आपल्या बैलगाडीच्या चाकात तुंबा खालच्या आऱ्यांवर उभा असतो. या नव्या चाकात तो जणू वरच्या तारांना टांगलेला असतो. लाकडाचा दाब आणि तारेचा ताण यांतला हा फरक ध्यानी आला आणि उंच तरीही हलके चाक शक्य झाले. आजच्या सायकलीचे चाकही याच तत्त्वावर उभे आहे. म्हणजे ज्या वाहनाला आज आपण हसतो, त्याच्या पोटी अव्वल दर्जाची कारागिरी होती.

परंतु कारागिरीची बाजू संपली की स्वाराची हालअपेष्टा सुरू होई. पहिले संकट चढण्याचेच. खोगीर एवढे उंच की उभ्या गाडीवर बसणे अशक्य. मागच्या लहान चाकाच्या वर, कण्यावर एक छोटीशी पायरी असे. तिच्यावर डावा पाय ठेवायचा, दोन्ही हातांनी मूठ धरायची, उजव्या पायाने जमिनीला रेटे देत गाडीला गती द्यायची, आणि तोल सावरला की कण्यावरून पुढे झेपावून खोगिरावर बसायचे. तोवर पायटे आपोआप फिरतच असत. ते पायांनी न पाहता शोधायचे. गती कमी पडली तर गाडी आडवी होई. उतरतानाही तीच कसरत उलट क्रमाने. वाटेत कोणी हाक मारली म्हणून क्षणभर थांबावे, ही सोय या वाहनात नव्हती.

दुसरे आणि खरे संकट तोंडघशी पडण्याचे. मराठीत हा शब्दप्रयोग आपण फजितीसाठी वापरतो. उंच चाकाच्या स्वाराला तो शब्दशः लागू होता. स्वाराचे आसन चाकाच्या आसाच्या जवळजवळ माथ्यावर, किंचितच मागे. चाकापुढे एखादा दगड, खड्डा वा कुत्रे आले आणि चाक अडले की सगळी गाडी, मागच्या चाकासकट, पुढच्या आसाभोवती वर उचलली जाई. अशा वेळी उडी मारून सुटावे, तर मांड्या मुठीच्या दांड्याखाली अडकलेल्या. हात सोडवण्यापूर्वीच डोके जमिनीकडे निघालेले असे. मनगटे आणि गळपट्टीचे हाड मोडणे ही नित्याची गोष्ट होती, आणि काहींचा प्राणही गेला. इंग्रजीत या पतनासाठी स्वारांनी निरनिराळी विनोदी नावे तयार केली होती. एखाद्या संकटाला टोपणनावे मिळतात, तेव्हा ते रोजचे झालेले असते, असे समजावे.

याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे, संकट टाळण्याचे साधनच संकट ओढवून आणी. ब्रेक पुढच्या चाकावर असे. मूठ आवळली की लोखंडी चमचा रबराच्या धावेवर दाबला जाई. तो जोराने दाबावा तर चाक अडून स्वार पुढे फेकला जाणार. हळू दाबावा तर गाडी थांबणार नाही. म्हणून जाणते स्वार पायांनीच उलटा दाब देऊन वेग आवरत. उतारावर तेही साधत नसे, कारण पायटे चाकाबरोबर इतक्या वेगाने फिरत की पाय त्यांवर टिकत नसत. मग स्वार दोन्ही पाय उचलून मुठीच्या दांड्यावरून पुढे टाकीत आणि गाडी उतारावर सोडून देत. पाहणाऱ्याला ही बेफिकिरी वाटे. वस्तुतः त्यामागे हिशेब होता. गाडी उलटलीच तर निदान डोक्याऐवजी पायांवर पडावे, एवढीच ती तजवीज. पुढे काहींनी मुठीचा दांडा मांड्यांच्या मागून वळवून घेतला, तोही याच हेतूने. पडणे टळत नसेल तर नीट पडावे, असे हे शहाणपण होते.

रोजच्या गैरसोयींचा पाढा यापुढे किरकोळ वाटतो. परंतु स्वाराला तो क्षणोक्षणी भोगावा लागे. धाव भरीव रबराची आणि चाकाला चिकटवलेली. ऊन लागून चिकट सैल झाला की ती सुटून येई. रस्त्याचा हादरा दांड्यातून थेट तळहातांत उतरे आणि बोटे बधिर होत. पायटे वळणाऱ्या चाकालाच जोडलेले असल्यामुळे प्रत्येक पावलाला चाक बाजूला ओढले जाई, आणि ते सरळ ठेवण्यासाठी हातांना अखंड झुंज द्यावी लागे. वळताना चाकाची कड मांडीला घासे. पावसात चिखलाचा पट्टाच अंगावर उमटे. समोरून वारा आला तर एवढ्या उंचीवर आडोसा कसला? रात्रीचा दिवा आसाला, चाकाच्या पोटात टांगलेला. तो गचक्यांनी विझे.

बाहेरच्या जगाचाही या स्वाराशी सलोखा नव्हता. घोडे या उंच, निःशब्द वाहनाला बुजत, त्यामुळे गाडीवान चिडत. १८७६ साली लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स मार्गावर एका घोडागाडीच्या चालकाने सायकलस्वारावर चाबूक उगारला आणि त्याच्या साथीदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा चाकाच्या आऱ्यांत फेकला. गावची पोरे आऱ्यांत काठ्या खुपसत. कायद्याने प्रथम या वाहनाला कोणत्या वर्गात घालावे हेच ठरेना. अखेर १८८८ च्या इंग्रजी कायद्याने सायकल ही गाडीच मानली. पण रस्त्यावर असताना तिने सतत घंटा वाजवीत राहावे, अशी अटही घातली. ही अट १९३० पर्यंत कायम होती. दुसरीकडे, १८७८ साली स्थापन झालेल्या सायकल पर्यटकांच्या मंडळाने धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर इशाऱ्याचे फलक उभारण्यास सुरुवात केली. आज मोटारचालकाला वाचवणाऱ्या घाटातल्या फलकांचे पूर्वज उंच चाकाच्या स्वारांनी आपल्या मोडलेल्या हाडांच्या मोलाने रोवलेले आहेत.

एवढे सगळे असूनही तरुणांची या वाहनावर झुंबड पडली. किंबहुना, धोका हेच त्याचे आकर्षण होते. स्वारांचे गणवेश ठरले, मंडळे स्थापन झाली, सहलीला पुढे बिगुल वाजवणारा असे. १८८२ साली हर्बर्ट लिडेल कॉर्टिस या धावपट्टीवरच्या स्वाराने तासाभरात वीस मैलांचा पल्ला गाठला. १८८६ साली जॉर्ज पिल्किंग्टन मिल्स याने ब्रिटनच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंतचा प्रवास याच वाहनावरून पाच दिवस आणि सुमारे पावणेदोन तासांत पुरा केला. उंच चाकावरचा तो विक्रम २०१९ पर्यंत अबाधित राहिला. अमेरिकेत मार्क ट्वेन यांनी वयाच्या पन्नाशीकडे झुकत असताना, १८८४ मध्ये, हे वाहन शिकण्याचा घाट घातला आणि आपल्या फजितीवर एक विनोदी लेखही लिहिला. तो छापला गेला मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९१७ साली. हेच ट्वेन १८९६ च्या जानेवारीत व्याख्यानांसाठी मुंबईत आले होते. तोवर उंच चाकाचे दिवस सरले होते.

त्यापूर्वी दहा वर्षे या वाहनाने हिंदुस्थानची भूमी मात्र पाहिली होती. थॉमस स्टीव्हन्स हा इंग्लंडात जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला तरुण २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून पन्नास इंची ‘कोलंबिया’ सायकलीवर निघाला. बरोबर मोजे, एक जादा सदरा, तंबू व अंथरूण म्हणूनही कामी येणारा रेनकोट आणि एक पिस्तूल. अमेरिकेचा पश्चिम भाग त्या वेळी रस्त्यांविना होता. कित्येक मैल त्याने रेल्वेमार्गावरून गाडी ढकलत काढले. एका पुलावर असताना समोरून आगगाडी आली, तेव्हा तो एका हाताने पुलाच्या तुळईला लोंबकळला आणि दुसऱ्या हाताने सायकल अधांतरी धरून राहिला. ४ ऑगस्टला तो बोस्टनला पोहोचला. सुमारे ३,७०० मैलांच्या या वाटेचा तिसऱ्याहून अधिक हिस्सा त्याने पायीच काटला होता. जगाला प्रदक्षिणा घालणारा पहिला सायकलस्वार एका अर्थाने पायी चालणाराही होता, हे त्याच्या वाहनाविषयी पुरेसे बोलके आहे.

पुढे १८८५ च्या मे महिन्यात लिव्हरपूलहून निघून युरोप आणि तुर्कस्तान ओलांडत तो इराणला गेला. तेहरानात त्याने हिवाळा काढला. खुद्द शहाने त्याची स्वारी पाहिली. अफगाणिस्तानात त्याला अडवून परत पाठवण्यात आले. तेव्हा मोठा वळसा घेऊन तो आगबोटीने कराचीस उतरला, रेल्वेने लाहोरला आला, आणि १८८६ च्या पावसाळ्यात तेथून दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद व बनारस या मार्गाने कलकत्त्यापर्यंतचे सुमारे बाराशे मैल सायकलीवरून गेला. उष्मा अंग जाळणारा, मधूनच कोसळणारा पाऊस, मुक्कामाला डाकबंगला आणि पंखा ओढणारा नोकर. असे असूनही रस्त्याच्या बाबतीत हा मुलूख त्याला सुखाचा गेला. ग्रँड ट्रंक रोडवर चुनखडीचे कंकर ठोकून बसवलेले असत. पाणी आणि दाब मिळून ते एकजीव होत आणि मैलोगणती सपाट, टणक पृष्ठभाग तयार होई. उंच चाकाला याहून अनुकूल भूमी कोणती? १७ डिसेंबर १८८६ रोजी जपानमधील योकोहामा येथे त्याने आपली स्वारी संपवली; सुमारे साडेतेरा हजार मैलांचा तो प्रवास होता.

स्टीव्हन्सची वाट गंगेच्या मैदानातून गेली, दख्खनमधून गेली नाही. दोन्हीकडच्या भूमीचा फरक पाहिला म्हणजे हे वाहन किती थोड्या रस्त्यांसाठी घडवलेले होते ते कळते. सह्याद्रीत १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाला. पण घाट म्हणजे उतार, आणि उतार म्हणजे पाय दांड्यावर टाकून देवाचा धावा करणे. पठारावरच्या वाटा मुरमाच्या आणि फोडलेल्या काळ्या दगडाच्या. बंगळूरही समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच, खडकाळ आणि चढउतारांचे गाव. शिवाय सगळीकडे बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी कोरलेली चाकोरी. बैलगाडीला चाकोरी सुखाची असते. उंच चाक मात्र तीत शिरले की वळत नाही, आणि वळवू गेले की उलटते. चाकोरीबाहेर जाणे आपण भाषेत धाडस मानतो. या स्वाराच्या बाबतीत चाकोरीत पडणे हाच अपघात होता.

हे यंत्र सुधारावे असे कोणाला वाटले नाही, असे नाही. १८८० च्या सुमारास अमेरिकेत ‘स्टार’ सायकलीत लहान चाकच पुढे आणले गेले. पुढे पडण्याचे भय गेले, त्याऐवजी मागे पडण्याचे आले. १८८४ च्या ‘कांगारू’मध्ये चाक थोडे लहान करून साखळ्यांनी वेग राखण्यात आला. अखेर १८८५ साली जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ बाजारात आणली. जवळजवळ सारखी दोन चाके, मागच्या चाकाला साखळी आणि दोन चाकांच्या मध्ये बसलेला स्वार. साखळीच्या दोन चक्रांचे दाते बदलले की लहान चाकही मोठ्याइतके धावे. चाकाची उंची आणि वेग यांची गाठ सुटली. उंच चाकाच्या अभिमानी स्वारांनी या बुटक्या गाडीला नाके मुरडली. तिचा एक दोष खरा होता, लहान चाक अधिक हादरे देई. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेली धाव काढली, आणि तोही दोष गेला. पुढच्याच वर्षी अशा धावांच्या सायकलीने शर्यती जिंकल्या, तेव्हा उपहास थांबला. १८९० नंतर दोन-तीन वर्षांत उंच चाक कारखान्यांतून नाहीसे झाले.

नव्या सायकलीला ‘सेफ्टी’, म्हणजे सुरक्षित, म्हणत. परंतु सुरक्षितता कोणासाठी, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर या अभ्यासकांनी १९८४ साली असे दाखवून दिले की उंच चाकाची सायकल एकच नव्हती. बघणाऱ्यागणिक ती निराळी होती. धडधाकट तरुणाला ती मर्दुमकीचे यंत्र वाटे. स्त्रिया, वयस्क आणि ठेंगणी माणसे यांच्या लेखी ती केवळ धोक्याची वस्तू होती. लांब झग्यातील स्त्रीला त्या खोगिरावर चढणेच अशक्य. तिच्यासाठी तीनचाकी होती; व्हिक्टोरिया राणीनेही १८८१ साली स्टार्लीकडून तीनचाकीच घेतली. पहिल्या गटाला धोका हा दोष वाटतच नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो गुण होता. जोवर त्यांचाच शब्द चालला, तोवर उंच चाक ‘साधे’ राहिले. ज्यांना त्यावर बसता येत नव्हते त्यांचे म्हणणे कारखानदारांना ऐकावेसे वाटले, तेव्हा सायकल बदलली. यंत्राचा दोष पुष्कळदा वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो: त्याला धैर्य नाही, त्याचे पाय आखूड, तिचा पोशाख चुकीचा. उंच चाकाचा इतिहास हे सांगतो की दोष यंत्राचाही असू शकतो.

हिंदुस्थानात सायकल, मराठीतली ‘पायगाडी’, सर्वसामान्यांच्या हाती आली ती या दुसऱ्या, बुटक्या रूपातच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे जगप्रदक्षिणा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरच्या त्या प्रवासात वाळवंट होते, तहान होती, हिमाच्छादित घाट होते. स्टीव्हन्सनेही संकटे भोगली, यांनीही भोगली. फरक एवढाच की यांच्या संकटांत स्वतःच्या वाहनाची भर नव्हती.

आणि या कथेचे खरे फलित कदाचित विक्रमांच्या यादीत नाहीच. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर खेड्यातल्या स्त्रिया सायकल शिकल्या, पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांची संख्या एक लाखाहून अधिक सांगितली आहे. स्त्रियांच्या सायकली पुरेशा मिळेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. त्यांच्या आडव्या दांडीवर मूल बसवता येते, असा लाभही त्यांना सापडला. साडी नेसलेली शेतमजूर स्त्री, दांडीवर मूल आणि मागे पाण्याची घागर. हे चित्र कोव्हेंट्रीच्या पायरीवरून झेपावणाऱ्या बिगुलवाल्या तरुणाला कल्पनेतही दिसले नसते. त्याच्या वाहनावर ते शक्यच नव्हते.

संग्रहालयातले उंच चाक पाहताना म्हणून केवळ हसू येऊ नये. त्याच्या तारा आजही बहुतेक सायकलींत आहेत. त्याने शिकवलेला दुसरा धडा मात्र तारांइतका सहज दिसत नाही. बंगळूरच्या रस्त्यावर निळ्या गाडीवरून जाणारी मुलगी सिग्नलला पाय टेकून उभी राहते, तेव्हा ती कोणतेही धाडस करत नसते. जमिनीला पाय टेकण्याची ही मुभा माणसाने शोधून काढली, आणि ती शोधण्यासाठी त्याला आधी चाकाच्या माथ्यावरून खाली यावे लागले.